राणीसाहेबांचे वारस

शहराच्या मुख्य चौकात शहिदांचा दगड बसवायचं ठरलं, तेव्हा दगड आधी आला आणि शहीद शोधायला नंतर सुरुवात झाली. परक्या राज्यकर्त्यांनी शंभर वर्षांपूर्वी इथली माणसं कुठल्याशा दूरच्या लढाईवर नेली होती. त्यांतल्या ज्यांची सेवानोंद सापडेल त्यांचीच नावं कोरायची, असा समितीचा ठराव झाला. चौकातल्या चष्मेवाल्याच्या आत्यानं हे ऐकलं आणि त्या दिवशी भाच्याचं दुकान काही उघडलं नाही.

"माझे आजोबा लढाईवर गेले ते परतलेच नाहीत," आत्या म्हणाली. "शेजारणी म्हणायच्या, तिकडे दुसरं बिऱ्हाड थाटलं असेल. आजीनं मरेपर्यंत ऐकून घेतलं. मी नाही ऐकून घेणार. नाव कोरून आण, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

चष्मेवाला निघाला. बिचाऱ्याला वाटलं, तासाभराचं काम.

लष्करी नोंदींच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज उलटापालटा करून पाहिला. "सैनिक स्वतः का नाही आले?"

"ते वारले."

"कुठे?"

"अहो, तेच विचारायला आलोय ना!"

"म्हणजे वारले की नाही, हे तुम्हालाच नक्की माहीत नाही. मग त्यांनाच पाठवायचं होतं. बरं, करायचे काय?"

"सैन्यात खेचरं हाकायचे."

"आधी सांगायचं नाही का!" कारकुनाचा चेहरा उजळला. "मग काम झालंच म्हणून समजा."

त्याचं कारण असं, की त्या राज्यकर्त्यांचा कारभार चोख होता. विकत घेतलेल्या वस्तूची नोंद होई, फुकट मिळालेल्याची होत नसे. माणसांची नोंद 'एक बोट भरून' एवढीच. खेचरं मात्र विकत आणलेली, म्हणून प्रत्येकाची वेगळी फाईल: दात, उंची, खूर, स्वभाव. पणजोबांच्या तुकडीतून परत न आलेलं खेचर एकच होतं. जवानांनी त्याचं नाव ठेवलं होतं राणीसाहेब. स्वभावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'फक्त अधिकाऱ्यांना चावते.' आणि खाली शेवटचा शेरा: 'पुलावर तोफगोळे पडत असता आपल्या खेचरवाल्याला सोडून हलली नाही. दोघेही जागीच ठार.'

चष्मेवाल्याला भरून आलं. "हेच! हेच आमचे पणजोबा!"

"असतील. पण खेचरवाल्याच्या नावाला रकाना नाही. फाईल राणीसाहेबांची आहे, आणि नक्कल फक्त त्यांच्या वारसाला मिळते."

"अहो, खेचराला पिल्लं होत नाहीत!"

हे ऐकून आतल्या खोलीतले मोठे साहेब बाहेर आले. "तो गुरांच्या डॉक्टरांचा विषय झाला," ते गंभीरपणे म्हणाले. "आमच्या खात्याकडे तसं परिपत्रक नाही."

चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे आत्याचा चेहरा आला. त्यानं नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'पणतू'.

समिती बेहद्द खूश झाली. बाकी सगळ्या शहिदांच्या कागदपत्रांत काही ना काही कमी होतं. राणीसाहेबांचं प्रकरण तेवढं परिपूर्ण होतं, दातांसकट.

अनावरणाला बँड वाजला, पडदा सरकला. भल्यामोठ्या दगडावर एकच नाव. आत्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि मटकन खुर्चीत बसली. "ही कोण बया? म्हणजे शेजारणी खरंच बोलत होत्या?"

"आत्या, अगं खेचर आहे ते!" चष्मेवाल्यानं घाईघाईनं नक्कल तिच्या हातात कोंबली. आत्यानं शेवटचा शेरा वाचला, पुन्हा वाचला, आणि रडता रडता हसायला लागली.

"पळाले नव्हते रे! ऐका गं, पळाले नव्हते माझे आजोबा!" तिनं उठून दगडाला कडक सलाम ठोकला. "नाव खेचराचं का असेना. तिनं तरी त्यांना सोडलं नाही."

प्रकरण इथंच मिटायचं. पण मंत्र्यांनी भाषणाच्या ओघात जाहीर करून टाकलं, की शहिदांच्या वारसांना यापुढे कुठल्याही कचेरीत रांग लावावी लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नोंदींच्या कचेरीपुढे ही रांग! पहिला नंबर टोमणे मारणाऱ्या शेजारणीच्या नातीचा, हातात वंशावळ. तिच्यामागे एक नामवंत वकील, सगळ्यांना आ करून दाखवत होते, "आमच्या घराण्यात हेच दात." त्यांच्यामागे एक प्राध्यापक. खेचराला पिल्लं होत नाहीत यावर त्यांचा प्रबंध होता, पण आपण त्याला अपवाद असल्याचं प्रतिज्ञापत्र त्यांनी सोबत जोडलं होतं. आठवडाभरात अख्खं शहर राणीसाहेबांचं वंशज ठरलं. कारकून कुणाला नाही म्हणाला नाही. त्याचा स्वतःचा अर्ज सगळ्यांत वर होता.

हसताय? हसा, खुशाल हसा. फक्त एवढंच कळवतो, की अर्जांची मुदत वाढवली आहे. आणि अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतात, असं तुम्ही आत्ता मनातल्या मनात विचारलंत, ती खिडकी डाव्या हाताची.