दारातनं चढा

बिरूतात्या मासे धरायला बसत, पण त्यांच्या दोरीला गळ नसे.

हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. मी निमगाव केतकीच्या शाळेत मास्तर होतो आणि तात्यांचं घर माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून होतं. त्या हिवाळ्यात रोज सकाळी नऊच्या सुमारास ते माकडटोपी, वर मफलर आणि त्यावर जुना खाकी कोट अशा थाटात बांबूची काठी खांद्यावर टाकून निघत. काठीला दोरी, दोरीला मोरपिसाच्या दांडीचा बोटभर तुकडा, आणि त्याखाली काही नाही.

बरं, बसायचं कुठं? गावापासून अर्ध्या कोसावर चांगला मोठा सरकारी तलाव होता, काठोकाठ भरलेला. तात्या तलावावर जात नसत. तलावाच्या कुंपणाच्या लोखंडी दाराबाहेर पाझराच्या पाण्याचं एक डबकं होतं, घोटाभर खोल, ज्यात बसायला म्हशीसुद्धा राजी नसत. तात्या तिथल्या मोरीवर बसून त्या डबक्यात बिनगळाची दोरी सोडत आणि दुपारपर्यंत त्या पिसाकडे बघत.

यावर कडी म्हणजे तात्या माळकरी होते. आमच्याकडे कधी अंडी उकडली तर ते त्या दिवशी अंगणातसुद्धा फिरकत नसत. जाणारा-येणारा विचारी, तात्या, काय चाललंय? तात्या मान न वळवता सांगत, "सराव हाय." कसला सराव ते कुणी विचारलं नाही. पेन्शन सुरू झाली की माणसाचं थोडं सैल होतंच, असा आमच्या मंडळींचा निकाल होता, आणि मीही तो मान्य करून टाकला होता.

तात्या एस.टी.तले रिटायर कंडक्टर. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. वडिलांनी जन्मभर कळप हाकला आणि तात्यांनी तीस वर्षं बारामती-इंदापूर रस्त्यावर माणसं हाकली. दोन्हींत मेंढरं जास्त ऐकतात, असं त्यांचं मत होतं. नोकरीत त्यांनी एकच लढाई लढली, आणि ती खिडकीशी. बाजारच्या दिवशी गाडी थांबायच्या आत लोक खिडकीतून टॉवेल टाकत, टोपल्या टाकत, पोरं आत सोडत. तात्यांना हे खपत नसे. "दारातनं चढा" हे त्यांचं वाक्य त्या रस्त्यावरच्या वीस गावांना पाठ होतं. एकदा एका जावयानं गर्दीला भिऊन सासूबाईंना खिडकीतून आत लोटलं होतं. तात्यांनी दोघांना खाली उतरवलं आणि आधी सासूबाईंना, मग जावयाला, मानानं दारातून चढवलं. गाडीला वीस मिनिटं उशीर झाला. सासूबाईंनी मात्र पुढं प्रत्येक दिवाळीला तात्यांकडे करंज्या पाठवल्या.

रिटायर झाले तरी घंटी सुटली नव्हती. कंडक्टरनं एक टोला दिला की गाडी थांबते आणि दोन दिले की निघते, हे सगळ्यांना माहीत आहे. तात्या घरात एकटेच असत, मुलगा पुण्याला. बाहेर निघताना ते आमच्या सामाईक भिंतीवर दोन टोले देत, म्हणजे घराकडे लक्ष ठेवा. परत आले की एक टोला, म्हणजे आलो, आता हलत नाही. तो एक टोला ऐकल्याशिवाय माझी बायको चहाचं आधण ठेवत नसे.

आणि त्यांच्या बोलण्यात उठता-बसता एक माणूस येई, 'आमचं डायव्हर'. हे शमूभाई, जळोचीचे. तीसपैकी बावीस वर्षं दोघं एका गाडीवर होते. शमूभाईंनी कसा म्हशींचा कळप चुकवला, भर उताराला ब्रेक गेला तेव्हा गाडी उसाच्या फडात घालून कशी थांबवली, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की तो ऊस मला ओळखीचा झाला होता. सुट्टीच्या दिवशी दोघं याच तलावावर येत. थंडीत दिवस वर आला की मासा उन्हाला काठाशी येतो, म्हणून हिवाळ्यातच. कामाची वाटणी गाडीसारखीच होती. गळ शमूभाईंचा, कणकेची गोळी शमूभाईंची, ओढायचं शमूभाईंनी. माळकरी तात्यांनी गळाला बोट लावायचं नाही, त्यांनी फक्त पिसावर नजर ठेवायची आणि पीस बुडालं की "डबल!" म्हणायचं, म्हणजे दोन टोले, ओढ. मासे जळोचीला जात. तात्यांच्या वाट्याला ते पीस बुडणं तेवढं येई, आणि ते त्यांना पुरत असे.

अलीकडे डायव्हर येत नाहीत का, असं मी एकदा विचारलं होतं. तात्या म्हणाले, "आखाडापासून गाडी डेपोत लावून बसलंय." म्हातारा घरी आराम करतोय, असं मी समजलो. दर सोमवारी दुपारनंतर तात्या एस.टी.नं जळोचीला जाऊन येत, तेही मला माहीत होतं. माहीत असून मी पुढं काही विचारलं नाही.

त्या वर्षी तलावाच्या दाराला कुलूप लागलं. आदल्या हिवाळ्यात कुणी हौशी मंडळींनी जीपगाड्या भरावावर नेऊन जेवणावळ केली होती, भरावाची माती खचली होती, म्हणून 'सार्वजनिक प्रवेश बंद' असा बोर्ड ठोकला गेला. किल्ली इंदापूरच्या ऑफिसात. पण गावाला त्यानं काही फरक पडला नाही. दाराच्या खांबाशेजारी तारेच्या कुंपणात एक फट होती. गळ टाकणारे, धुणं नेणाऱ्या बाया, शेळ्या, सगळे त्या फटीतून जात. खुद्द तलावाचा चौकीदारही तिथूनच ड्यूटीवर जाई.

जात नव्हते ते फक्त तात्या.

"दारातनं जाईन," ते म्हणाले आणि माझ्याकडे अर्ज लिहायला आले. माझं अक्षर बरं, म्हणून गावातले निम्मे अर्ज माझ्याच हातचे असत. दार हिवाळ्यात लोकांसाठी उघडं ठेवावं, असा पहिला अर्ज लिहिला. उत्तर आलं, वाहनांच्या त्रासामुळे ते शक्य नाही. दुसऱ्या अर्जात वाहनं आत सोडू नका, पण दार उघडा, असं लिहिलं. उत्तर आलं, पायी जाणाऱ्यांची अडवणूक होत असल्याची तक्रार नाही. तेव्हा तात्यांनी हातानं-बोटांनी फट मोजली, आणि तिसऱ्या अर्जात मला लिहायला लावलं की सदर फट एक हात चार बोटे असून ती अपुरी आहे. मी हसू दाबून लिहिलं. तात्या इतके सडसडीत होते की त्या फटीतून त्यांच्यासारखे दोघे गेले असते. चौथा अर्ज लिहिताना मात्र मी वैतागलो. पौष अर्धा सरला होता, थंडी आणखी महिनाभर टिकली असती. मी म्हटलं, तात्या, हट्टापायी हिवाळा चाललाय. त्या फटीतून जा आणि मोकळे व्हा. तात्या म्हणाले, "गुर्जी, तुमी लिवा." मी लिहिलं.

चौथ्या अर्जाचा परिणाम असा झाला की इंदापूरच्या ऑफिसातले साहेब स्वतः मोटारसायकलवरून आले. नवे होते, तिशीचे, अंगात घरी विणलेला निळा स्वेटर. तात्या डबक्यावर होते आणि मी सायकल धरून उभा होतो. रविवार होता. साहेबांनी एकदा डबकं बघितलं, एकदा ती बिनगळाची दोरी बघितली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मीही, सांगायला लाज वाटते, खांदे उडवले.

मग साहेब समजुतीच्या स्वरात म्हणाले, आजोबा, अहो, ही बघा वाट, मी दाखवतो. आणि ते फटीत शिरले. अर्धे पलीकडे गेले आणि स्वेटर तारेच्या काट्यांत अडकला. पुढं जावं तर पाठीतून उसवतो, मागं यावं तर पोटातून. चौकीदार ओढायला धावला तेव्हा तात्यांनी त्याला बाजूला केलं, काठी खाली ठेवली आणि एकेक काटा लोकरीतून सोडवायला घेतला. एवढ्या निगुतीनं सोडवत होते की एक टाका निघू दिला नाही. साहेब तारेत, तात्या त्यांच्या पाठीशी. दोघांना दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून साहेब बोलू लागले. हसत नव्हते. त्यांनी विचारलं,

"आजोबा, दार कुणासाठी हवंय?"

कुणासाठी! मी चार अर्ज लिहिले होते, आणि हा एक शब्द मला एकदाही सुचला नव्हता. का, कशाला, कशापायी, हे सगळं माझं विचारून झालं होतं. तात्यांचे हात थांबले. ते साहेबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. साहेब तारेतून सुटले. मग मोटारसायकलला किक मारताना चौकीदाराला एवढंच म्हणाले की पुढच्या रविवारी सकाळी किल्ली घेऊन मी येतो.

पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला जळोचीचा एक टेम्पो दारासमोर थांबला. मागून दोघांनी मिळून एक लाकडी खुर्ची उतरवली. खुर्चीला खाली सायकलची दोन चाकं आणि पुढं एक लहान चाक. दर सोमवारी जळोचीत तात्या काय ठोकत-जोडत होते ते तेव्हा मला कळलं. खुर्चीत शमूभाई होते. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. आषाढात त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं आणि त्यात वाचाही गेली होती. डावा हात तेवढा शाबूत होता. त्या हातात त्यांनी गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा घट्ट धरला होता.

खुर्चीची रुंदी मी डोळ्यांनी मोजली. दीड हात सहज असेल.

मी तात्यांच्या जवळ जाऊन म्हणालो, मला सांगायचं होतंत, अर्जात दोन ओळी लिहिल्या असत्या, पहिल्याच अर्जावर दार उघडलं असतं. तात्या खुर्चीच्या चाकाला तेल घालत होते. ते हळू आवाजात म्हणाले,

"लोळागोळा झालाय, दया करा, आसं लिवायचं व्हय कागदावर? बावीस वर्सं त्यानं मानसं सुखरूप न्हेली. त्याच्या नावचा तसला कागद मी करनार न्हाय."

साहेबांनी कुलूप काढलं. दार गंजलं होतं, करकरत उघडलं. तात्या खुर्चीच्या मागं उभे राहिले, माकडटोपी नीट केली आणि तीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "दारातनं." साहेब अंग चोरून बाजूला झाले आणि खुर्ची आत गेली.

भरावाच्या कडेनं, बाभळीच्या पुढं, उन्हात एक सपाट दगड होता. ती त्यांची जागा. शमूभाईंनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं डबा उघडला. आत कापसात ठेवलेले गळ होते. त्यांनी एक उचलला, पण दोरीला बांधायला दुसरा हात लागतो. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गळ मांडीवर पडला. मी पुढं होणार, तेवढ्यात तात्यांनी गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली, वरचं बटण लावलं आणि जन्मात कधी बोट न लावलेला तो गळ चिमटीत धरला. एक हात शमूभाईंचा, एक तात्यांचा, अशी ती गाठ बसली. कणकेची गोळीही तशीच लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते थंडीवर ढकललं.

मासा लागला का? तासाभरानं पीस बुडालं, तात्या "डबल!" म्हणाले, शमूभाईंनी डाव्या हातानं काठी उडवली, आणि कणीक खाऊन मासा निघून गेलेला होता. शमूभाईंच्या चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती ती हसली. तात्या चिडून त्यांना म्हणाले, घंटी येळंवर दिली हुती, गाडी तू लेट काढलीस. मग दुसरी गोळी लावली.

पुढच्या आठवड्यात बोर्डावर एक ओळ वाढली. हिवाळ्यात दिवसा दार पायी येणाऱ्यांसाठी उघडं राहील, वाहनांस मनाई. खुर्ची हे वाहन धरायचं की नाही असं चौकीदारानं विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले म्हणे, की ती पायीच येते, पाय तात्यांचे आहेत.

पण मी सांगत होतो त्या रविवारचं. दुपार कलली, टेम्पोवाला घाई करू लागला, चौकीदार साहेबांनी सोपवून गेलेली किल्ली घेऊन अदबीनं लांब उभा राहिला. तात्यांनी शमूभाईंच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि विचारलं,

"काय डायव्हर, निघायचं का?"

शमूभाई पिसाकडे बघत राहिले. मग डावा हात खुर्चीच्या लाकडी दांड्यावर आपटला. एकदाच. आम्ही दुसऱ्या टोल्याची वाट बघितली, तो आला नाही.

तात्या पुन्हा दगडावर बसले, आणि चौकीदारानं किल्ली खिशात टाकली.