सतरा नंबरच्या कुंड्या

टीव्हीवरचा बागकामाचा कार्यक्रम लोक कशासाठी बघतात, हे अख्ख्या यॉर्कशायरमध्ये फक्त क्लिफर्ड ऍक्रॉइडला कळलं होतं. निदान क्लिफर्डचं मत तरी तसंच होतं!

"गुलाब बघायला कोण बसतंय?" दर शुक्रवारी तो बायकोला सुनावायचा. "लोकांना बघायचा असतो गोगलगायींनी फस्त केलेला दुसऱ्याचा कोबी! तो बघितला की स्वतःच्या कोबीचं दुःख हलकं होतं."

"मग तुझाच दाखव की," ब्रेंडा विणकामातून मान वर न करता म्हणायची. "टेकडीवरच्या सगळ्या गोगलगायी जेवायला तुझ्याकडेच असतात."

ते मात्र खरं होतं. नगरपालिका भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्यानं देते. त्यातला सतरा नंबर एकतीस वर्षं क्लिफर्डकडे होता आणि एवढ्या वर्षांत तिथं नीट उभी राहिली होती ती फक्त त्याची लाकडी शेड. पण गिरणीतली नोकरी सुटल्यापासून, कुणाच्या पायात न येता बसता येईल अशी जगात तेवढीच जागा त्याला उरली होती. तिथं बसून चहा प्यायचा, पाऊस बघायचा, बस्स! त्यात समितीची ताकीद येऊन पडलेली: तीन चतुर्थांश जमीन लागवडीखाली दिसली नाही, तर तुकडा जाईल. तुकडा मिळावा म्हणून मागं अकरा वर्षांची रांग उभी होती!

म्हणून जुलैच्या तपासणीसाठी त्यानं शक्कल लढवली. शेजारच्या तुकड्यावरचा वॉल्टर कोबीत उस्ताद. आपल्या चोवीस कुंड्या देऊन क्लिफर्डनं त्याच्याकडून कोबी वाढवून घेतले आणि तपासणीच्या सकाळी कुंड्यांसकट मातीत पुरले. काठ दिसू नयेत म्हणून त्यांना तपकिरी रंगही फासला. शेवटच्या कुंडीपाशी रंग संपला, तिला न्हाणीघराचा निळा लावला.

"मिस्टर ऍक्रॉइड, कमाल केलीत!" समितीच्या चिटणीस मिसेस पॉवी म्हणाल्या आणि वहीत बरोबरची खूण करून गेल्या.

आठवड्याभरात गोगलगायींनी त्या चोवीसांचाही फडशा पाडला. कुंड्या शेडमध्ये गेल्या. प्रकरण मिटलं होतं हो! पण नऊ वर्षं क्लिफर्ड वाहिनीला पत्रं लिहीत होता, आणि नेमकं त्याच ऑगस्टमध्ये उत्तर आलं: तुमचं म्हणणं पटलं, गुरुवारी कॅमेरा घेऊन येतो.

टॅम्सिन नावाची निर्माती आली. जाळी झालेली पानं बघून तिला आनंदाचं भरतं आलं. "अप्रतिम! अजून सांगा ना!"

एकतीस वर्षांत क्लिफर्डला कुणी 'अजून सांगा' म्हटलं नव्हतं. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला! तण दाखवलं, सडलेले बटाटे दाखवले, आणि शेवटी शेडमधून कुंड्या काढून तपासणीची अख्खी गोष्ट साभिनय सांगितली. कुंपणापलीकडून वॉल्टर गळ्यावरून बोट फिरवून फिरवून खुणा करत होता.

"अरे, ये की आत!" क्लिफर्ड ओरडला. "यायचंय तर लाजतोस काय? बघा मंडळी, कोबी वाढवले ते यानं!"

वॉल्टर वाकला आणि कुंपणाआडून रांगत पसार झाला.

कार्यक्रम शुक्रवारी लागला. देश खो खो हसला. खाटकानं सॉसेज फुकट दिले. आणि मंगळवारी मिसेस पॉवींचं पत्र आलं: "कार्यक्रम फार आवडला. समितीनं दोनदा पाहिला. अठ्ठावीस दिवसांत तुकडा रिकामा करावा."

"तोंड आवरलं असतंस तर!" वॉल्टर म्हणाला. त्याला नुसत्या ताकिदीवर सोडलं होतं.

क्लिफर्डनं शेडमधली किटली घरी आणली, खुर्ची आणली. पाऊस लागला आणि कुंड्या शेडमध्येच राहिल्या. त्या हिवाळ्यात तो स्वयंपाकघरात बसून राहायचा आणि ब्रेंडाला दर दहा मिनिटांनी म्हणावं लागायचं, "क्लिफ, जरा पाय घे." फार वाईट गेला तो हिवाळा.

जूनमध्ये कार्यक्रमानं जाहीर केलं: प्रेक्षकांच्या आग्रहाखातर पुन्हा एकदा सतरा नंबर! नवं तरुण जोडपं हसत उभं होतं. मागं कोबीच्या रांगा, एका पानाला भोक नाही! "आठ महिन्यांत कायापालट!" टॅम्सिनचा आवाज सांगत होता.

"बंद करू का रे?" ब्रेंडानं हळूच विचारलं.

"राहू दे," क्लिफर्ड म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मग एकाएकी तो उठला आणि पडद्यासमोर गुडघ्यांवर बसला. "ब्रेंडा! कुंड्यांत आहेत ते!"

"कशावरून?"

"तो शेवटचा बघ! काठ बघ त्याचा!"

ब्रेंडानं चष्मा चढवला. "अगंबाई! आपल्या न्हाणीघराचा निळा!"

क्लिफर्डनं तडक कागद ओढला. "महोदय, प्रेक्षकांना खरं पाहता हवं असतं ते..." एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. पडद्यावर ते जोडपं त्याच्या शेडसमोर बसून चहा पीत होतं.

त्यानं लिहिलेलं खोडलं आणि खाली एकच ओळ लिहिली.

"माझ्या कुंड्या परत पाठवाव्यात."