रद्द केलेला अर्धा तास

आमच्या शेजारचे परकारचाचा बोलता बोलता मध्येच श्वास धरतात. घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. सवय लागलीय. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरले तरी गाल फुगवून उभे, ते तिसरा मजला आल्यावरच श्वास सोडतात.

याचं मूळ त्यांच्या पनवेलकडच्या भातशेतात. तिथे बांधावर उंच खांब आहे, खांबावर यंत्र. शेतावरून जाणाऱ्या वाऱ्यातले लहानमोठे भोवरे ते सेकंदाला दहा वेळा टिपतं, आणि भात हवेतला कार्बन किती घेतो, किती सोडतो हेही त्यातून कळतं. चाचांच्या भाषेत, शेताचा श्वास मोजतं. माणूस खांबाजवळ गेला की त्याचाही श्वास मापात घुसतो. मग तो अर्धा तास वहीत 'रद्द'.

प्रकल्पवाल्यांनी चाचांना यंत्राच्या राखणीला नेमलं होतं. पुढे प्रकल्प गुंडाळला, चाचा काही गुंडाळले गेले नाहीत. साहेब जाताना सहज म्हणाले, चालेल तोवर चालवा. यांनी तो हुकूमच मानला.

मी छत्री उघडली तरी म्हणणार, "भोवरा मोडलास." गच्चीवरच्या माझ्या चादरीसुद्धा म्हणे वाऱ्याच्या वाटेत येतात. मीही ऐकून घेणारी नाही. दोन चादरी जास्तच वाळत घालते.

शेत सामाईक आहे. पुतण्या अस्लमला तिथे भराव टाकून कंटेनर उभे करायचेत. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या, चाचांची अडलीय. मावशी, तुमचं ऐकतात, तुम्हीच समजवा, म्हणून तो माझ्या मागे लागला. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. एवढ्याशा खाचरासाठी सत्तरीतल्या माणसाने रोज दोन गाड्या बदलायच्या कशाला?

रविवारी दुपारी आम्ही शेतावर गेलो. अस्लमने खांबाखालीच कागद काढला. चाचांनी नाकाकडे बोट दाखवलं. बिचाऱ्याने श्वास धरला आणि हातवारे करून समजवायला लागला. चेहरा लालबुंद. मला हसू फुटलं, म्हणजे माझाही श्वास मापात गेलाच.

"सही नाय करणार," चाचा शांतपणे म्हणाले. "कोर्टात जा नायतर कुठं पण जा."

अस्लम पाय आपटत गाडीकडे गेला. मग मी भडकले. प्रकल्प नाही, पगार नाही, मापं कुणी बघत नाही, हा हट्ट कुणासाठी, म्हणून विचारलं. त्यांनी जुनी वही माझ्या हातात दिली. पानामागून पान तेच होतं: 'एक ते दीड. जुबेदा. डबा. रद्द.'

जुबेदाचाचीला जाऊन तीन वर्षं झाली. ती डबा घेऊन यायची आणि खांबाखाली उभी राहून जगभरच्या गप्पा मारायची. श्वास धरून गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"रद्द म्हणजे पुसत नाय," चाचा म्हणाले. "बाजूला ठेवतात. घरात तिचे फोटो हायत, कपडे हायत. श्वास इथंच हाय. तिनं सोडला, या भातानं घेतला. त्याच्यावर भराव टाकू?"

मला रडू आलं. उगाच लपवत नाही.

अस्लम परत आला. समजावलंत ना, म्हणाला. मी त्याला सांगितलं, "समजले मीच. चाचा सही करणार नाहीत, आणि परत मला मध्ये घालू नकोस."

तो गेल्यावर चाचांनी नव्या वहीत लिहिलं: 'एक ते दीड. सुनीता. रद्द.' मग घड्याळ बघितलं.

"अजून दहा मिनटं हायत," ते म्हणाले. "बोल काहीतरी."

मी छाती भरून श्वास घेतला आणि चादरींपासून सुरुवात केली.