कौसाक्कांची पिंकी

सोनईत आमच्या शेजारी राहणाऱ्या कौसाक्का कोरियन सिनेमा आवाज बंद करून बघतात. "त्यांचा आवाज कशाला? उगं मधी मधी बोलत्यात," म्हणतात, आणि पडद्यावरच्या सगळ्यांचं बोलणं स्वतःच बोलतात. आपल्या मराठीत.

सिनेमा एकच, माझ्या मुलीनं माझ्या मोबाईलवर उतरवून ठेवलेला. एक खानावळवाली आई, शहरात राहणारी तिची लेक आणि दोघींची अखंड भांडणं. उन्हाळ्यात आम्ही बायका आक्कांच्या ओसरीवर पापड लाटायला जमतो, तेव्हा पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल ठेवायचा. त्या आईचं नाव आक्कांनी यमुना ठेवलंय, लेकीचं पिंकी.

"पिंके, कोबीला तिखट नीट चोळ!" यमुना कडाडते. पिंकीचे ओठ हलले की आक्कांचा आवाज कोवळा होतो. "आई, आमी तिकडं हाटेलात जेवतो." लगेच यमुना, "मग हितं कशाला आलीस?"

मी तर थक्क होते. आक्का पुण्यालासुद्धा फारशा गेलेल्या नाहीत, पण तिकडं ओठ मिटले की इकडं यांचं वाक्य संपलेलं असतं. एकदा मी खालचं इंग्रजी वाचून सांगितलं, की यमुना कोबीबद्दल बोलतच नाहीये, ती गिऱ्हाइकाबद्दल बोलतेय.

"लिव्हनाऱ्याला काय कळतंय? समदं तिच्या तोंडावर दिसतंय," आक्का म्हणाल्या. खरं सांगते, मलाही आक्कांचंच पटलं.

शेवटी शेवटी पिंकी आईशी भांडून निघून जाते आणि एक दिवस बॅग घेऊन परत दारात उभी राहते. तिथं मात्र आक्का गप्प. पिंकी रडत रडत केवढं तरी बोलत असते, आणि या खाली मान घालून पापड लाटतात. "हितं कोन काय बोलत न्हाई," म्हणतात.

आम्ही कुणी हटकत नाही. आक्कांची वैशाली स्वतःच्या पसंतीनं लग्न करून पुण्याला गेली, तेव्हा "ह्या दारात पुन्यांदा पाय ठिवू नको" असं आक्काच म्हणाल्या होत्या. ती आली नाही, यांनी बोलावलं नाही. मला दोघींचा राग यायचा. शेवटी मी आक्कांचा तो कार्यक्रम चोरून मुलीच्या मोबाईलमध्ये टिपला, त्या गप्प बसतात तिथपर्यंत, आणि वैशालीला पाठवून दिला. तिचं उत्तर आलं नाही.

परवा दुपारी सिनेमा त्याच जागी आला होता. पिंकी दारात. आक्का गप्प. आणि आमच्या मागून आवाज आला,

"आई, आत येऊ का गं? लई भूक लागलीय."

आमची लाटणी थांबली. उंबऱ्याबाहेर वैशाली उभी होती, हातात बॅग, पाय अजून पायरीवरच. आक्कांनी मागं वळून पाहिलं नाही. नजर मोबाईलवर, हातातला पापड लाटून लाटून फाटलेला. यमुनेचे ओठ हलले, तशा आक्का बोलल्या,

"आल्याबरूबर भूक! आदी हातपाय धू." यमुनेचे ओठ मिटले, तरी आक्का बोलतच राहिल्या. "पिठलं केलंय. रोजच करती मी, तुला आवडतं म्हनून."

वैशाली उंबरा ओलांडून आली आणि पिठाच्या हातांसकट आक्कांना बिलगली. आम्ही सगळ्याजणी बेशरमासारख्या रडत होतो.

मोबाईलवर सिनेमा चालूच होता. यमुना आणि पिंकीला त्या दिवशी उरलेलं सगळं आपापल्या कोरियनमध्येच बोलावं लागलं.