गोदाक्का घोरपड पडायला शिकते

एका जंगलात, कुठल्या ते विचारायचं नाही, विचारलंत तर गोष्ट इथंच बंद, तर एका जंगलात एक उंचच उंच कडा होता. काळा कुळकुळीत, सरळसोट. आणि त्या कड्याच्या पोटात एक गुहा होती. बाहेर एवढा कडा असताना सगळं जंगल गुहेत शिरून चढायला का लागलं, त्याची ही गोष्ट. नीट मांडी घालून बसा. मागच्यांनो, खिदळू नका, खिदळायची जागा पुढं आहे.

कड्याच्या बरोबर मध्यावर एक कपार होती. त्या कपारीत गोदाक्का घोरपडीनं अंडी घातली होती. सतरा. घालून झाल्यावर तिनं कपारीचं तोंड ओल्या मातीनं लिंपून टाकलं. तिच्या घराण्याची तशी रीतच होती. माती वाळली की दगडासारखी होते, मग आत शिरायची ना सापाची टाप, ना मुंगसाची. फक्त एक गोम होती. आतल्या पिल्लांनाही ती माती फुटत नसे. दिवस भरले की आईनं वर जायचं आणि नखांनी दार उघडायचं. आई आलीच नाही तर... जाऊ दे, ते बोलायला नको.

पण गोदाक्काला कसली काळजी? कडा म्हणजे तिचं अंगण. जेवण झालं की ती शतपावलीसुद्धा कड्यावर, उभ्यानं घालायची.

आणि अशात शहरातून फाल्गुनराव परत आला.

फाल्गुनराव वानर. घरच्यांशी भांडून शहरात गेला होता आणि तीन महिने एका जिमच्या खिडकीत बसून होता. आल्या आल्या त्यानं सगळ्या जंगलाला गोळा केलं.

"माणसं काय करतात माहितीय?" तो म्हणाला. "घरी जिना असतो, तो चढत नाहीत. लिफ्टनं जातात. मग गाडीत बसून लांब एका मोठ्या खोलीत जातात, आणि तिथं भिंतीवर चढतात! वर पोचले की धपकन गादीवर पडतात. उठतात, पुन्हा चढतात. बाकीचे खाली बसून टाळ्या वाजवतात!"

"अगं बाई!" गोदाक्का म्हणाली. "पण वर असतं काय?"

"काही नसतं," फाल्गुनराव म्हणाला. "हीच तर मजा आहे!"

झालं! जंगलाला वेडच लागलं. दहा दिवसांत गुहेत भिंत उभी राहिली. शहरातून ओढून आणलेल्या फळ्या, सुतारपक्ष्यानं पाडलेली भोकं, भोकांत लाखेनं घट्ट बसवलेले रंगीत दगड. हळदीचे पिवळे दगड नवशिक्यांना, पळसाचे केशरी मुरलेल्यांना, जांभळाचे जांभळे फक्त फाल्गुनरावाला. खाली गादी. अजगरानं टाकलेली कात घेतली आणि तिच्यात सावरीचा कापूस ठासून भरला. अहाहा! तिच्यावर पडावं आणि पडूनच राहावं.

पहिले सभासद झाले सिंह महाराज. दोन दगड चढले आणि धपकन पडले. पुन्हा दोन दगड, पुन्हा धप्प! असे अकरा वेळा पडले. प्रत्येक वेळी टाळ्यांचा नुसता कडकडाट. महाराजांना आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता. त्याच आनंदात ते बाहेर गेले आणि कड्यावर दोन दगड चढले.

बाहेर गादी नव्हती.

पुढचे तीन दिवस महाराज पालथेच झोपून होते. चौथ्या दिवशी त्यांनी आपल्या कारकुनाला, म्हणजे कोल्ह्याला, बोलावून फर्मान लिहून घेतलं: 'भिंतीवरचं नवशिक्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कुणीही कड्याला हात लावू नये. पायही लावू नये. शेपूटही नाही. जो कुणी लावील त्याला महाराज एकांतात भेटतील.'

महाराजांना एकांतात भेटून परत आलेलं जंगलात कुणीच नव्हतं.

गोदाक्कानं दिवस मोजले. अंडी फुटायला उरले होते पाच दिवस.

ती तशीच धापा टाकत गुहेत गेली. "फाल्गुना, बाबा, मला ते प्रमाणपत्र दे लवकर. माझी लेकरं वर कोंडलीत रे."

"कोच म्हणा, आक्का," फाल्गुनराव म्हणाला. "आणि आधी नखं कापून या."

"नखं कापली तर दार कशानं उघडू? तुझ्या प्रमाणपत्रानं?"

फाल्गुनरावानं डोकं खाजवलं. "बरं, मग नखांवरून बूट घाला." त्यानं जिममधून बूट उचलून आणले होते. सात. सातही डाव्या पायाचे.

गोदाक्कानं चारही पायांत डावे बूट कोंबले. एवढ्यात तिथं बसलेला भिकोबा ससा किंचाळला. "आक्का, बूट घालून मातीत उभ्या राहू नका! तळ घासतो! उन्हात ठेवू नका, रबर फुगतं! ओलसर जागी ठेवू नका, वास मारतात! चढून झालं की लगेच काढायचे, ब्रशनं पुसायचे, सावलीत तोंड उघडं करून ठेवायचे!"

या भिकोबाला त्या सातांतलाच एक मिळाला होता. त्याचा बूट म्हणजे जंगलातला सगळ्यात नीटनेटका बूट. तो सकाळी त्याला झाडावर टांगायचा, दर घटकेला फिरवायचा, सावली सरकली की बूटही सरकवायचा. काथ्याच्या ब्रशनं भिंतीवरचा एकेक दगड घासायचा. हाताला शाडूची पांढरी भुकटी लावायचा, ती झटकायचा, पुन्हा लावायचा. एवढं सगळं होईस्तोवर संध्याकाळ व्हायची. चढायला त्याला अजून वेळच मिळाला नव्हता.

पण हौस दांडगी! त्यानं बिळातसुद्धा भिंत बांधून घेतली होती. बीळ दीड हात उंच. त्यात तीनच दगड बसले. पहिल्यावर बसलं की डोकं शेवटच्याला टेकायचं. भिंतीसाठी झोपायची जागा काढावी लागली, म्हणून सगळं कुटुंब बाहेर झोपायचं आणि आत भिंत झोपायची. पाहुणे आले की भिकोबा आधी त्यांना भिंत दाखवायचा, पाण्याचं मग बघू.

असो. गोदाक्कानं भिंतीला हात लावला आणि सुळ्ळकन वर! डोळ्याचं पातं लवायच्या आत ती छताला उलटी लटकत होती.

"बाद," फाल्गुनराव म्हणाला.

"का रे?"

"भिंतीला पाय लागला."

"भिंतीवरच चढायचं ना?"

"भिंतीवर चढायचं, पण भिंतीला लागायचं नाही. फक्त पिवळ्या दगडांना लागायचं. उद्या या."

दुसऱ्या दिवशी ती फक्त पिवळ्या दगडांवरून गेली. तेवढीच सुळ्ळकन.

"बाद. विचारच केला नाहीत!" फाल्गुनराव म्हणाला. "प्रत्येक वाट म्हणजे एक कोडं असतं, आक्का. आधी खाली बसायचं, वर बघायचं, हवेत हात हलवायचे. मग दुसऱ्यांना विचारायचं, कसं करू? मग ते सांगतात. मग करायचं."

गोदाक्का दात ओठ खात खाली बसली. भिकोबा सांगायला लागला. "डावा पाय तिथं. कंबर आत घ्या. श्वास सोडा. आता उजवा, नाही, दुसरा उजवा!" तो कधीच चढलेला नसल्यामुळे त्याला सगळं पाठ होतं. अख्खा दिवस चर्चेत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदाची तिची पिवळी वाट मान्य झाली. गोदाक्काला वाटलं, सुटले! आता पळावं आणि लेकरांना गाठावं.

"थांबा," फाल्गुनराव म्हणाला. "शेवटची परीक्षा. पडून दाखवा."

"काय करून दाखवू?"

"पडून. वरून हात सोडायचे, पाठीवर यायचं, हात छातीशी, मान आत. नवशिक्याचा हा पहिला धडा. कितीदा पडलात आजपर्यंत?"

"एकदाही नाही," गोदाक्का म्हणाली.

सगळी गुहा हळहळली. "एकदाही नाही? अरेरे!" कोल्हा म्हणाला, "मग तुम्हाला चढता येतं हे ठरवायचं कशावरून?"

महाराज स्वतः आले. त्यांनी दोन दगड चढून नमुन्यादाखल एकदा पडून दाखवलं. काय ते पडणं! टाळ्या थांबेचनात.

गोदाक्कानं जीव तोडून प्रयत्न केला. वर जायची, डोळे मिटायची, "सुटा गं बायांनो, सुटा!" असं नखांना सांगायची. नखं ऐकतील तर शपथ! घोरपडीची पकड ती. घाबरली की आणखी आवळते, आणि ती तर घाबरलेलीच होती. तिसरा दिवस गेला. चौथा गेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती भिंतीवर चिकटल्या चिकटल्या रडली. खालून भिकोबानं तिला रुमाल म्हणून आपला ब्रश दिला.

पाचवा दिवस उजाडला. गोदाक्का भिंतीवर होती. वर पोचून तिनं गुहेच्या छताला कान लावला. कड्याच्या आतून, वरच्या बाजूनं, अगदी बारीक आवाज येत होता. टक. टक. खरर्र.

"फुटली!" ती ओरडली. "माझी अंडी फुटली! सोडा मला!"

"तुम्हीच सोडा की!" फाल्गुनराव खालून ओरडला. "आम्ही मदत करतो! धरा रे सगळे!"

फाल्गुनरावानं तिची शेपटी धरली. फाल्गुनरावाला कोल्ह्यानं धरलं, कोल्ह्याला महाराजांनी, आणि महाराजांना भिकोबानं, हाताला नीट भुकटी लावून. "हय्या हो! हय्या हो!" शेपटी ताणली, बूट निसटले, लाख कडकड वाजली. गोदाक्का सुटली नाही.

भिंत सुटली.

फळ्यांना आतून वाळवी लागली होती, ते कुणी पाहिलंच नव्हतं. अख्खी भिंत धाडकन खाली आली. सगळ्यांच्या अंगावर भुसा, तोंडात भुसा. आणि त्यातून गोदाक्का निघाली ती एका फळीतून डोकं बाहेर काढूनच. गळ्यात फळी, फळीवर तीन पिवळे दगड. तिनं कुणाकडं पाहिलंसुद्धा नाही. गुहेबाहेर आली आणि कड्यावर सुटली.

"थांब!" महाराजांनी डरकाळी फोडली. "कारकून! बाई कड्यावर आहेत! प्रमाणपत्र नाही!"

कोल्ह्यानं भुसा झटकला, फर्मान उघडलं, एक डोळा मिटून वर पाहिलं. "महाराज, भिंत बाईंच्या गळ्यात आहे. बाई भिंतीतच आहेत. भिंत कुठं चाललीय याबद्दल फर्मानात काही नाही."

"म्हणजे परीक्षा अजून चालूच आहे!" फाल्गुनराव आनंदानं उडी मारून म्हणाला. "मग गादी आणा! कुणी चढत असलं की खाली गादी पाहिजे, पहिला नियम!"

आणि सगळे धावले. महाराजसुद्धा. अजगराच्या कातीची ती गादी फरफटत कड्याखाली आणली आणि हात वर करून उभे राहिले. "शाब्बास आक्का! श्वास सोडा आक्का! डावा पाय!" भिकोबाचा घसा बसला.

गोदाक्का कपारीशी पोचली. नखांनी माती फोडायला लागली. वाळलेली माती, पाच दिवसांची धास्ती आणि आतून टकटक. एक ढपला पडला. दुसरा पडला. भोकातून आधी एक बारीक जीभ आली, मग एक डोकं, मग भराभर भराभर पिल्लंच पिल्लं! एक, चार, नऊ, सोळा! आईच्या पाठीवरून, फळीवरून, कड्यावरून उलटी, डोकं खाली करून, सुरसुर सुरसुर खाली पळाली. गोदाक्का हसत होती, रडत होती, मोजत होती.

सतरावी सगळ्यात धाकटी. ती बाहेर आली, उन्हानं तिचे डोळे दिपले आणि पाय सरकला.

गोदाक्कानं विचार केला नाही. कोडं पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. तिनं चारही पाय सोडले. हवेतच लेकीला पकडलं, छातीशी आवळलं, मान आत घेतली आणि पाठीवर धप्पकन गादीवर आली. फळीचे दोन तुकडे झाले. कापूस आभाळात उडाला.

मग तिच्या पोटावरून त्या चिमुरडीनं "चिक्" केलं, आणि गोदाक्का मोठ्यानं हसायला लागली.

"हात छातीशी!" फाल्गुनराव नाचायला लागला. "मान आत! पाठीवर! असं पडणं मी शहरातसुद्धा पाहिलं नाही! पास! आक्का पास!"

टाळ्यांनी कडा दणाणला. महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या पंजानं प्रमाणपत्रावर ठसा उमटवला. "गोदाक्का, आजपासून तुम्हाला कड्यावर जायची पूर्ण मोकळीक!"

गोदाक्कानं वर पाहिलं. कपार रिकामी होती. तिच्या अंगावर, डोक्यावर, शेपटीवर सतरा लेकरं खेळत होती.

"आता वर जाऊन काय करू, महाराज?" ती म्हणाली.

कोल्हा घसा खाकरून पुढं आला. "महाराज, या पिल्लांचं काय? विनापरवाना कडा उतरून आली आहेत."

फाल्गुनरावानं सगळ्यांना ओळीत उभं केलं, चष्मा नसतानाही असल्यासारखं बघितलं आणि निकाल सांगितला.

"सोळा नापास. एकदाही पडली नाहीत. धाकटी पास."

तात्पर्य: मुलांनो, ज्याला मुळातच चढता येतं त्याच्यावर कधी विश्वास ठेवू नये. वर जायचं असेल तर आधी चार मोठ्या लोकांसमोर व्यवस्थित पडून घ्यावं. तेही प्रमाणपत्र देणारा खाली उभा असेल अशी वेळ बघून.