राणी शिंकली!

"ताई, शिंकली! राणी शिंकली!"

काका खाण्याचं भांडं हातात घेऊनच धावत आले आणि दचकलेल्या ताईचा चहा टेबलावरच्या सगळ्या कागदांवर सांडला. पण कागदांची पर्वा आहे कोणाला! तीन वर्षं तिनं ज्या शिंकेची चातकासारखी वाट पाहिली, ती शिंक आली होती.

राणी म्हणजे फेरेट. मुंगसासारखा लांबुडका, केसाळ प्राणी. माणसाचा फ्लू त्याला होतो आणि तो शिंकतोही माणसासारखा, म्हणून प्रयोगशाळेत त्याचा भाव भलताच वधारलेला. खोलीच्या एका टोकाला पैलवान नावाच्या दुसऱ्या फेरेटचा पिंजरा, चार मीटरवर राणीचा, आणि वारा पैलवानकडून राणीकडे ढकलणारा एक पंखा. पैलवानच्या नाकात डुकरांकडून आलेल्या फ्लूचे थेंब घातले होते. तो हवेतून राणीपर्यंत पोचतो का, एवढाच ताईचा प्रश्न. शुक्रवारपर्यंत उत्तर मिळालं नाही, तर खोली उंदीरवाल्या विभागाला जाणार होती आणि ताईची तीन वर्षं पाण्यात. आज गुरुवार होता.

"नक्की शिंकच ना, काका? ठसका नव्हता?"

"अहो, बावीस वर्षं जनावरं सांभाळतोय. शिंक आणि ठसका मला कळत नाही होय?"

खोलीत शिंका मोजणारं यंत्र होतं. त्यानंही ग्वाही दिली. पैलवान, सोमवारी तीन शिंका. राणी, आज सकाळपासून चार. ताईनं काकांचे दोन्ही हात धरून त्यांना चक्क एक गिरकी घ्यायला लावली.

मोठे सर मंगळवारपासून पाठदुखीच्या रजेवर होते. ताईचा फोन गेल्यावर ती पाठ कुठल्या कुठे पळाली. अर्ध्या तासात सर हजर, तेही उलटा स्वेटर घालून. सरांनी संचालक मॅडमना कळवलं. मॅडमनी लगेच दोन वार्ताहरांना चार वाजताचं बोलावणं धाडलं. काकांनी फोटोसाठी पैलवानला कंगवा फिरवला.

पण कुठेतरी माशी शिंकलीच. तीन वाजता दोघांच्या नाकातल्या नमुन्यांचा अहवाल आला. राणीला फ्लू होता, पण माणसांमधला, नेहमीचा. आणि पैलवान ठणठणीत! ना ताप, ना विषाणू.

"म्हणजे ज्यानं द्यायचा त्याला झालाच नाही?" मॅडम किंचाळल्या. "मग हिला दिला कोणी?"

ताईला पहिली शंका स्वतःचीच आली. मीच तर नाही? खोलीत जाणारी माणसं तीन: ती, काका आणि सर. दाराशी रोज सही करावी लागे, "मला सर्दी नाही" म्हणून. तिघांच्याही सह्या जिथल्या तिथे होत्या. ताईनं तडक स्वतःची तपासणी करून घेतली, काकांचीही केली. दोघंही निर्दोष!

"माझी कशाला?" सर म्हणाले. "मला धुळीची ॲलर्जी आहे. वीस वर्षं जुनी."

"सोमवारचं चित्रण लावा," मॅडम म्हणाल्या.

"चित्रण? आत कॅमेरा आहे?"

"अहो सर, मागच्या महिन्यात तुम्हीच मंजूर केलात ना!"

सरांनी खुर्ची शोधली.

पडद्यावर सोमवार, सकाळचे सव्वाआठ. मोठे सर पैलवानच्या पिंजऱ्यापुढे उकिडवे बसलेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मास्क हनुवटीखाली ओढला. "शिंक रे माझ्या राजा! पोरीची तीन वर्षं आहेत रे. एकच दे. हे बघ, अशी." आणि सरांनी शिंकून दाखवलं. पहिली शिंक खोटी होती. पुढच्या दोन मात्र अस्सल, अगदी खोली हादरवणाऱ्या. यंत्र बिचारं आवाज मोजणारं. त्यानं तिन्ही पैलवानच्या नावावर टाकल्या. पैलवाननं कंटाळून पाठ फिरवली. पंखा तेवढा इमानेइतबारे फिरत होता.

ताईला सरांचा संताप आला आणि त्याच क्षणी मायाही वाटली. माझ्यासाठी हा माणूस फेरेटला शिंकायला शिकवत होता!

"संपलं," मॅडम म्हणाल्या. "वार्ताहरांना परत पाठवा. खोली उद्याच उंदरांना."

"थांबा मॅडम!" ताई ओरडली. स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली. तिनं मास्क चढवला, आत धावली आणि टेपनं अंतर मोजून आली. "सरांच्या नाकापासून राणीपर्यंत चार मीटर वीस! शिंकेची वेळ सेकंदासकट आहे. मध्ये कोणी फिरकलं नाही, कॅमेरा साक्षीला आहे. जनावराचा आजार हवेतून कसा जातो ते शोधत होतो, माणसाचा जनावराला हवेतून कसा गेला ते सापडलं! फक्त सरांचा नमुना तेवढा हवा."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी मुकाट्यानं नाक पुढे केलं.

वीस मिनिटांत निकाल आला. राणीचाच फ्लू!

"सहा महिने खोली तुझी," मॅडम म्हणाल्या. "पण अहवालात सगळं खरं आणि सविस्तर यायला हवं."

"येणारच!" ताईनं नोंदीचा कागद ओढला. तो अर्थातच जनावरांसाठी छापलेला होता. "दाता: नर. वय?"

"अठ्ठावन्न," सर दाराबाहेरून, दोन मास्कांआडून म्हणाले.

"वजन?"

"सत्तर."

काका खोकले. मॅडमनी चष्मा खाली केला. "सर, हे शास्त्र आहे."

दाराबाहेर बुटांची चुळबुळ ऐकू आली.

"ब्याऐंशी," सर म्हणाले. "पण बुटांसकट, असं लिहा."