सिंकखालचे दोन पाइप

"यंदा बाबा बिअरचा मग रिकामा करणार," ओताकार नेश्पोरने नाश्त्यालाच जाहीर करून टाकलं, "आणि दुसरा मागणार. लिहून ठेव."

द्राहोमिराने लिहून वगैरे काही ठेवलं नाही. नवऱ्याची ही घोषणा ती सात वर्षं ऐकत होती. बाबा म्हणजे तिचे वडील, वाव्रिनेत्स कौत्नी, उभी हयात बिअरच्या कारखान्यात घालवलेला माणूस. दर वाढदिवसाला ते लेकीकडे जेवायला येत, जावयाने तळघरात मुरवलेल्या सोनेरी बिअरचा एक घोट घेत, मग हळूच खाली ठेवत आणि खिडकीबाहेर बघून म्हणत, "हवा छान पडलीय." बाहेर धो धो पाऊस असला तरी म्हणत. बिअर वाईट आहे, असं ते एकदाही बोलले नव्हते आणि ओताकारला नेमकं तेच झोंबत होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

यंदा म्हाताऱ्याची सत्तरी होती. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "जावईबापू, या खेपेला काळी बिअर करून बघ." ही आपली शेवटची संधी, असा अर्थ लावून ओताकार चूक कुठे होते ते शोधायला लागला आणि ती त्याला नळात सापडली. गाव चुनखडीच्या डोंगरात, पाणी इतकं जड की किटलीच्या तळाशी पापडाएवढा थर जमायचा. प्ल्झेन शहरची सोनेरी बिअर चांगली का, तर तिथलं पाणी मऊ, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. एवढं ज्ञान पुरे झालं असं समजून त्याने सिंकखाली बसवायचं गाळणयंत्र आणलं.

"दुकानदार माणूस पाठवणार होता ना?" द्राहोमिराने विचारलं.

"दोन पाइप जोडायला माणूस? उद्या पबमध्ये तोंड दाखवायला जागा उरेल का मला?"

यात तथ्य होतं. कुणाच्या घरी प्लंबर आला की संध्याकाळपर्यंत सगळ्या टेबलांना कळायचं आणि त्या घरच्या पुरुषाच्या हातांची चौकशी व्हायची. ओताकार छातीवर माहितीपत्रक ठेवून सिंकखाली उताणा शिरला. उजवा पाइप शुद्ध पाण्याचा, डावा टाकाऊचा, असं पत्रक म्हणत होतं. पण उताण्या माणसाचं उजवं कोणतं, याबद्दल पत्रकात अवाक्षर नव्हतं. त्याने आपल्या उजव्या हाताकडचा पाइप पांढऱ्या कॅनमध्ये सोडला आणि त्यावर 'बिअर' लिहिलं. दुसरा निळ्या कॅनमध्ये, 'टाकाऊ'.

पांढरा कॅन तासाभरात काठोकाठ भरला. निळ्यात मात्र थेंब थेंब पडत होतं.

"दुकानदार म्हणाला होता, एका भागामागे तीन भाग पाणी वाया जातं," ओताकार हात चोळत म्हणाला. "आपलं यंत्र बघ. तीन भाग शुद्ध, एक भाग वाया. नशीब लागतं."

मग त्याने शुद्ध पाण्याचा जडपणा तपासला. पाणी मऊ असेल तर पाच थेंब औषधातच रंग बदलायला हवा होता. तीस टाकले तेव्हा कुठे बदलला. ओताकार बुचकळ्यात पडला. बाटली उलटसुलट करून पाहिली आणि शेवटी औषधच जुनं असणार असं ठरवून ती केराच्या डब्यात टाकली.

इकडे पांढऱ्या कॅनला हात लावायची बंदी असल्यामुळे द्राहोमिरा निळ्यातलं पाणी चहाला वापरत होती. आठवड्याने ती किटली घेऊन आली.

"ओता, हे काय? तळ आरशासारखा झालाय. टाकाऊ पाण्याने?"

ओताकारने किटलीत डोकावून पाहिलं. किटलीतून ओताकारच परत बघत होता. "आम्ल असेल त्यात," तो म्हणाला. "जास्त पिऊ नकोस."

"आणि तुझ्या शुद्ध पाण्याच्या पातेल्याला पांढरा थर कसा?"

"शुद्ध पाणी पातेल्यातला क्षार ओढून काढतं," तो म्हणाला. हे त्याला स्वतःलाही नीटसं कळलं नव्हतं, म्हणून त्याने विषय बदलला.

दोन महिने काळी बिअर तळघरात मुरली. वाढदिवसाला बदक, कोबी आणि क्नेडलिक, म्हणजे वाफवलेले पिठाचे गोळे, मांडून झाले आणि ओताकारने सासऱ्यांसमोर मग ठेवला. म्हाताऱ्याने घोट घेतला. मग खाली ठेवला नाही. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, तळ दिसेपर्यंत घेतला, मिशीचा फेस पुसला आणि ते म्हणाले, "आण अजून एक."

ओताकारचे डोळे भरून आले. सात वर्षांचं सगळं एकदम आलं. त्याने दुसरा मग भरून सासऱ्यांच्या हातात दिला आणि त्यांना धरून स्वयंपाकघरात नेलं. "पाणी, बाबा! सगळी पाण्याची करामत. बघा तरी."

गुडघे कुरकुरत असतानाही म्हातारा वाकला आणि सिंकखालचा एकेक पाइप चाचपत गेला.

"जावईबापू, तुझ्या 'बिअर'च्या कॅनमध्ये गटाराचा पाइप सोडलायस तू. गाळलेलं पाणी निळ्यात पडतंय."

"तरीच किटली," द्राहोमिरा मागून म्हणाली.

"पण मग..." ओताकारने पांढऱ्या कॅनकडे बोट दाखवलं. "मग चांगली कशी झाली?"

"काळ्या बिअरला जडच पाणी लागतं. म्हणून तर तुला काळी कर म्हटलं. नुसतं नळाचं घेतलं असतंस तरी झाली असती." त्यांनी ओताकारच्या पाठीवर थाप मारली. "पण झाली बरं का झकास. तुझ्या हाताला चव आहे."

कुणी इतकं बोलल्यावर माणसाने गप्प बसावं. ओताकार नाही बसला.

"मग ठरलं तर," तो उजळून म्हणाला. "पाइप बदलतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा सोनेरी करतो. मऊ पाण्याची!"

सासऱ्यांनी दुसरा मग हळूच खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं.

"हवा छान पडलीय," ते म्हणाले.